डोळ्यांची गोळी: एक जुना विश्वास आणि त्याचा हिशेब

"डॉक्टर, डोळ्यांसाठी एखादी चांगली गोळी लिहून द्या ना."

दवाखान्यात हे वाक्य मी आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकतो. म्हणणाऱ्याला डोळ्यांचा काही आजार असतोच असं नाही. कुणाचा सगळा दिवस कॉम्प्युटरसमोर जातो, कुणाच्या चष्म्याचा नंबर बदललेला असतो, कुणी नुकतीच पन्नाशी ओलांडलेली असते. काही जण तर डबाच घेऊन येतात. मुलाने किंवा पुतण्याने परदेशातून आणलेला, वर हिरव्या पानांचं नाहीतर झेंडूच्या फुलाचं चित्र आणि खाली ल्युटीन, झियाझँथिन, ओमेगा थ्री अशी नावं. प्रश्न एवढाच असतो, "घेऊ का?"

पूर्वी या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं होतं: "घ्या, नुकसान काही नाही." हे उत्तर मी आता देत नाही. का देत नाही, ते शेवटी सांगतो. त्याआधी तुम्हाला थोडा इतिहास सांगायचा आहे. डोळ्यांना ताकद देणारी गोळी ही कल्पना जाहिरातवाल्यांनी हवेतून काढलेली नाही. तिच्यामागे वैद्यकातला एक अस्सल, लाखो मुलांचे डोळे वाचवणारा शोध आहे. तो शोध कुणासाठी खरा होता आणि तुमच्या डब्यापर्यंत येता येता त्यातलं काय गळून पडलं, हे एकदा कळलं की डब्याचं काय करायचं ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

यकृताचा उपाय

रातांधळेपणा हा माणसाच्या फार जुन्या ओळखीचा आजार. दिवसा सगळं नीट दिसतं, पण दिवेलागण झाली की माणूस चाचपडायला लागतो. इसवी सनापूर्वी सुमारे १५५० मध्ये लिहिलेल्या इजिप्तच्या एबर्स पपायरसमध्ये डोळ्यांच्या एका तक्रारीवर बैलाचं भाजलेलं यकृत वापरायला सांगितलं आहे. ही तक्रार म्हणजे रातांधळेपणाच असावा, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. ग्रीसमध्ये हिपॉक्रेटिसच्या नावाने असलेल्या ग्रंथांत बैलाचं कच्चं यकृत मधात बुडवून खायला सांगितलं. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नक्तांध्यावर, म्हणजे रातांधळेपणावर, बकऱ्याच्या यकृताचा पिंपळीबरोबर उपाय येतो.

तिन्ही ठिकाणी यकृतच. हे का लागू पडतं हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. आज आपल्याला माहीत आहे की प्राण्यांच्या शरीरातला व्हिटॅमिन एचा बहुतेक साठा यकृतातच असतो.

हा उपाय पुढे समुद्रावरही कामाला आला. ऑस्ट्रियाचं नोवारा हे जहाज १८५७ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेला निघालं. महिनोन्महिने टिकवलेल्या अन्नावर राहिलेल्या खलाशांना संध्याकाळनंतर दिसेनासं झालं. जहाजावरचे डॉक्टर एडुआर्ड श्वार्ट्झ यांनी त्यांना बैलाचं उकडलेलं यकृत खाऊ घातलं आणि त्यांची रात्रीची नजर परत आली. हा आजार अन्नातल्या उणिवेचा आहे, असं श्वार्ट्झ यांनी ठामपणे मांडलं. व्हिटॅमिन हा शब्द तेव्हा जन्मालाही आलेला नव्हता.

पण यकृताची दुसरीही एक गोष्ट आहे आणि ती सहसा सांगितली जात नाही. विल्यम बॅरेंट्स या डच दर्यावर्दीची माणसं १५९७ मध्ये आर्क्टिकच्या बर्फात अडकली होती. भुकेपोटी त्यांनी पांढऱ्या अस्वलाचं यकृत खाल्लं. सगळे आजारी पडले, त्यातले तिघे तर मरता मरता वाचले आणि त्यांची कातडी सोलून निघाली. हे कशामुळे झालं याचं उत्तर मिळायला जवळजवळ साडेतीनशे वर्षं लागली. १९४३ मध्ये रोडाल आणि मूर या संशोधकांनी दाखवलं की पांढऱ्या अस्वलाच्या यकृतात व्हिटॅमिन ए प्रचंड प्रमाणात असतं. म्हणजे ज्या पदार्थाने एकाची नजर परत आली, त्याच पदार्थाच्या अतिरेकाने दुसऱ्याचा जीव जायची वेळ आली. ही गोष्ट मनात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

लोणी, उंदीर आणि डेन्मार्कची मुलं

यकृतातला हा गुण नेमका कशात आहे? १९१३ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनला एल्मर मॅकॉलम आणि मार्गरेट डेव्हिस उंदरांना वेगवेगळा आहार देऊन पाहत होते. स्निग्ध पदार्थ म्हणून डुकराची चरबी किंवा ऑलिव्ह तेल दिलं की काही आठवड्यांनी उंदरांची वाढ थांबायची. लोण्यातला किंवा अंड्यातला स्निग्ध भाग दिला की ती पुन्हा सुरू व्हायची. त्याच सुमारास कनेक्टिकटमध्ये थॉमस ऑस्बोर्न आणि लाफायेट मेंडेल यांनाही हेच दिसलं. सगळे स्निग्ध पदार्थ सारखे नाहीत, काहींत जगायला आवश्यक असं काहीतरी असतं, हे सिद्ध झालं. त्या 'काहीतरी'लाच पुढे व्हिटॅमिन ए हे नाव मिळालं.

उंदरांवरचा हा शोध माणसांच्या मुलांसाठी किती मोठा आहे, हे डेन्मार्कमध्ये दिसलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात डेन्मार्कचं लोणी परदेशात चांगल्या भावाने विकलं जात होतं. घरच्या गरीब मुलांच्या वाट्याला मलई काढलेलं दूध आणि मार्गारीन येत होतं आणि त्या काळच्या मार्गारीनमध्ये व्हिटॅमिन ए नव्हतं. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ कार्ल एडवर्ड ब्लॉख यांच्याकडे अशी मुलं येऊ लागली, ज्यांचे डोळे कोरडे पडत होते, बुबुळावरचं पारदर्शक पटल मऊ होऊन फुटत होतं आणि त्यात कित्येकांची दृष्टी कायमची जात होती. ब्लॉख यांनी या मुलांना पूर्ण सायीचं दूध आणि कॉड माशाच्या यकृताचं तेल दिलं. ज्यांचं पटल अजून शाबूत होतं ती मुलं बरी झाली.

मग १९१७ च्या अखेरीस युद्धामुळे लोण्याची निर्यात अडली, देशात लोण्याचं रेशनिंग सुरू झालं आणि गरिबाच्या घरीही थोडंथोडं लोणी पोचायला लागलं. पुढच्या वर्षी हा डोळ्यांचा आजार डेन्मार्कमधून जवळजवळ नाहीसा झाला. औषध नवं नव्हतं, डॉक्टर नवे नव्हते. मुलांच्या ताटातली उणीव तेवढी भरून निघाली होती.

समईतलं तेल

डोळ्यात व्हिटॅमिन ए नेमकं काय करतं, हे जॉर्ज वॉल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाने उलगडलं. १९३३ मध्ये त्यांना डोळ्याच्या आतल्या पडद्यात, म्हणजे रेटिनात, व्हिटॅमिन ए सापडलं. पुढच्या कामासाठी त्यांना १९६७ चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

सोप्या भाषेत सांगायचं तर रेटिनात मंद उजेडात पाहण्यासाठी खास पेशी असतात. त्यांच्यात ऱ्होडोप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. ते एक प्रथिन आणि व्हिटॅमिन एचं एक रूप यांच्या जोडणीतून बनतं. उजेड पडला की ही जोडणी मोडते, मेंदूकडे संदेश जातो आणि जोडणी पुन्हा करावी लागते. व्हिटॅमिन ए कमी पडलं की नवं ऱ्होडोप्सिन पुरेसं तयार होत नाही. म्हणून उणीव असलेल्या माणसाला आधी रात्रीचं दिसेनासं होतं.

हे सांगताना मी रुग्णांना समईचं उदाहरण देतो. तेल संपत आलं की ज्योत मंदावते. तेल घातलं की ती पुन्हा उभी राहते आणि पाहणाऱ्याला चमत्कार वाटतो. पण आधीच भरलेल्या समईत आणखी तेल ओतलं तर ज्योत मोठी होत नाही. तेल मात्र सांडतं.

डोळ्यांच्या सप्लिमेंटचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे या दोन समयांमधली गल्लत आहे, असं म्हटलं तरी चालेल.

आपल्याकडची रिकामी समई

रिकामी समई आपल्या देशाने फार जवळून पाहिली आहे. दक्षिण भारतात कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेने, जी पुढे हैदराबादला जाऊन राष्ट्रीय पोषण संस्था झाली, व्हिटॅमिन एच्या अभावाने आंधळ्या होणाऱ्या मुलांचा प्रश्न अनेक वर्षं अभ्यासला. १९७० मध्ये भारत सरकारने लहान मुलांना दर सहा महिन्यांनी व्हिटॅमिन एचा मोठा डोस तोंडावाटे देण्याचा कार्यक्रम सुरू केला. माझ्या इंटर्नशिपमध्ये, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, प्राथमिक आरोग्य केंद्रात मी स्वतः रांगेतल्या मुलांना हे पिवळसर, तेलकट औषध चमच्याने पाजलं आहे. दोन मिलिलिटरच्या एका चमच्यात दोन लाख युनिट. डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखे ठिपके असलेली मुलं तेव्हा अधूनमधून दिसत. आता नव्या डॉक्टरांना ती पुस्तकातच पाहावी लागतात.

हा डोस फक्त डोळेच वाचवतो असं नाही. आल्फ्रेड सोमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडोनेशियाच्या आचे भागात खेड्याखेड्यांतून अभ्यास केला आणि १९८६ मध्ये तो छापून आला. ज्या खेड्यांतल्या मुलांना व्हिटॅमिन ए दिलं, तिथले बालमृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होते.

डोळ्यांसाठी गोळी हा विश्वास इथून आला, आणि तो या मुलांच्या बाबतीत शंभर टक्के खरा आहे. आता प्रश्न असा की, दोन वेळचं व्यवस्थित जेवणाऱ्या, कसलाही आजार नसलेल्या पन्नाशीच्या माणसाला तो कसा काय लागू झाला?

गाजर आणि रडार

त्याचं थोडं श्रेय दुसऱ्या महायुद्धाला जातं. १९४० मध्ये जर्मन विमानं रात्रीच्या अंधारात ब्रिटनवर बाँब टाकत होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जॉन कनिंगहॅम या वैमानिकाने रात्री शत्रूचं विमान पाडलं आणि पुढे त्याने अशी बरीच विमानं पाडली. वर्तमानपत्रांनी त्याला 'मांजराच्या डोळ्यांचा' म्हणून प्रसिद्धी दिली आणि या तीक्ष्ण नजरेचं श्रेय गाजरांना दिलं गेलं. खरं कारण वेगळं होतं. त्याच्या विमानात बसवलेलं नवं रडार. ते गुपित होतं.

या गाजरकथेने जर्मन फसले असं मानायला भक्कम पुरावा नाही. ब्रिटिश जनतेने मात्र ती मनावर घेतली. रस्त्यावरचे दिवे बंद, साखर रेशनवर आणि गाजराचं पीक उदंड. अन्न मंत्रालयाने 'डॉक्टर गाजर' नावाचं चित्रातलं पात्र काढलं आणि गाजर खा, अंधारात दिसेल, असं घरोघर सांगितलं. गाजरातल्या बीटा कॅरोटीनपासून शरीर व्हिटॅमिन ए बनवतं, हे खरंच आहे. पण ते गरजेपुरतंच बनवतं. ज्याच्यात उणीव नाही, त्याने टोपलीभर गाजरं खाल्ली तरी त्याला घुबडाची नजर येत नाही. फार तर तळहात पिवळे होतात.

अशीच एक दंतकथा बिलबेरी नावाच्या युरोपातल्या जांभळट फळाची आहे. त्याचा जॅम खाऊन वैमानिकांना रात्री चांगलं दिसायचं म्हणे. तेव्हापासून बिलबेरीच्या कॅप्सूल विकल्या जात आहेत. अमेरिकन नौदलाच्या संशोधकांनी २००० साली पंधरा निरोगी तरुणांवर याची चाचणी घेतली. बिलबेरीच्या गोळीत आणि नकली गोळीत रात्रीच्या नजरेच्या बाबतीत काही फरक दिसला नाही.

पालकाच्या भाजीतून कॅप्सूल

१९८० नंतर अँटिऑक्सिडंट या शब्दाची लाट आली. म्हातारपणीचे बरेच आजार पेशींवरच्या रासायनिक गंजाने होतात, तर गंज रोखणारे पदार्थ गोळीतून द्यावेत, असा विचार होता. तो वाईट नव्हता, पण तपासून पाहायला हवा होता.

रेटिनाच्या मधोमध मॅक्युला नावाचा एक छोटा पिवळसर भाग असतो. वाचणं, सुईत दोरा ओवणं, माणसाचा चेहरा ओळखणं ही कामं त्याच्या जोरावर चालतात. त्याचा पिवळेपणा ल्युटीन आणि झियाझँथिन या रंगद्रव्यांमुळे असतो आणि ती आपल्याला पालेभाज्यांतून मिळतात. उतारवयात काही जणांच्या मॅक्युलाची झीज होते. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की पालकासारख्या पालेभाज्या भरपूर खाणाऱ्यांमध्ये ही झीज कमी आढळते. झालं! झेंडूच्या पाकळ्यांतून काढलेलं ल्युटीन कॅप्सूलमध्ये भरलं जाऊ लागलं.

पण पालेभाज्या खाणारा माणूस बऱ्याचदा सिगारेट कमी ओढतो, चालायला जातो, वजन सांभाळतो. त्याचे डोळे भाजीने वाचले की या सगळ्याने, हे नुसत्या निरीक्षणातून कळत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून एकाला खरी आणि दुसऱ्याला नकली गोळी द्यावी लागते.

अशा चाचणीने केवढा धक्का बसू शकतो, ते त्याच वर्षी, १९९४ मध्ये, फिनलंडमध्ये दिसलं. बीटा कॅरोटीनने फुप्फुसाचा कॅन्सर टळेल या आशेने २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर अभ्यास झाला. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेतल्या तशाच दुसऱ्या अभ्यासात तो २८ टक्के जास्त दिसला आणि १९९६ मध्ये तो अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला. गाजरातला तोच पदार्थ, पण गोळीतून, मोठ्या मात्रेत आणि धूम्रपान करणाऱ्यांना. बॅरेंट्सच्या खलाशांची आठवण येते ना?

ज्या अभ्यासाचं नाव डब्यावर असतं

आता तुमच्या डब्याकडे येऊ. त्यावर बऱ्याचदा 'आरेड्स' किंवा 'आरेड्स २' असं लिहिलेलं असतं. हे दोन अभ्यास अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेने केले आणि ते उत्तम होते.

पहिला १९९२ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. व्हिटॅमिन सी, व्हिटॅमिन ई, बीटा कॅरोटीन, झिंक आणि थोडं तांबं यांची एकत्र गोळी लोकांना दिली. ज्यांच्या मॅक्युलाची झीज आधीच मध्यम टप्प्यात पोचली होती किंवा एका डोळ्यात पूर्ण पुढे गेली होती, त्यांना फायदा झाला. अशा रुग्णांपैकी पाच वर्षांत नकली गोळीवरच्या शंभरातल्या २८ जणांचा आजार गंभीर टप्प्यात गेला, तर खऱ्या गोळीवरच्या २० जणांचा. म्हणजे आठ माणसांचं नुकसान टळलं. हा लहानसहान फायदा नाही. तुमच्या नेत्रतज्ज्ञांनी तपासून हा आजार आहे असं सांगून गोळी दिली असेल, तर हा लेख वाचून ती बंद करू नका.

पण ज्यांची झीज अगदी सुरुवातीची होती किंवा अजिबात नव्हती, त्यांच्यात असा फायदा दिसला नाही. मोतीबिंदूही त्या गोळीने टळला नाही.

'आरेड्स २' चे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. त्यात ४,२०३ जण होते आणि तेही सगळे आजाराचा धोका असलेलेच. मूळ गोळीत ल्युटीन-झियाझँथिन किंवा ओमेगा थ्रीची भर घालून पाहिली. मुख्य हिशेबात या भरीने जास्तीचा फायदा झाला नाही. मात्र बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर जास्त दिसला आणि तो मुख्यतः पूर्वी सिगारेट ओढणाऱ्यांत. म्हणून गोळीतून बीटा कॅरोटीन काढून त्या जागी ल्युटीन-झियाझँथिन घालणं जास्त सुरक्षित ठरलं.

आजारी लोकांवरच्या अभ्यासाचं नाव निरोगी लोकांना विकायच्या डब्यावर आलं, ही इथली खरी मेख आहे.

मग निरोगी माणसांवर कुणी पाहिलंच नाही का?

पाहिलं, आणि भरपूर पाहिलं. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या चौदा हजारांहून जास्त पुरुष डॉक्टरांनी स्वतःच गोळ्या घेऊन अभ्यासात भाग घेतला. व्हिटॅमिन ई किंवा सी घेऊन मोतीबिंदू टळला नाही आणि मॅक्युलाची झीजही टळली नाही. रोजच्या मल्टिव्हिटॅमिनने अकरा वर्षांत मोतीबिंदू ९ टक्क्यांनी कमी झाला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण झीज त्यानेही कमी झाली नाही. व्हिटॅमिन डी आणि ओमेगा थ्रीची पंचवीस हजारांहून जास्त लोकांवर पाच वर्षांहून अधिक काळ चाचणी झाली. त्यातही झिजेवर परिणाम नाही. डोळे कोरडे पडणाऱ्यांना ओमेगा थ्री दिलं, तर २०१८ च्या अभ्यासात ते ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूलपेक्षा सरस ठरलं नाही.

थोडक्यात, भरलेल्या समईत तेल ओतून ज्योत मोठी करता आलेली नाही.

आणि सांडलेल्या तेलाचं काय? व्हिटॅमिन ए शरीरात साठतं. जास्त झालं तर यकृताला इजा होते आणि गरोदरपणात बाळामध्ये व्यंग येऊ शकतं. झिंकच्या मोठ्या मात्रेने पोट बिघडतं आणि अंगातलं तांबं कमी होऊ शकतं. हे डबे आपल्याकडे औषधांच्या नव्हे, तर अन्नाच्या कायद्याखाली विकले जातात. त्यावर 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची सूचना छापणं बंधनकारक आहे. ती बारीक अक्षरातली ओळ एकदा शोधून वाचा.

"नुकसान काही नाही"

आता सुरुवातीला राहिलेली गोष्ट. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक येतात, मी त्यांना सरच म्हणतो. साठी ओलांडलेले, सडपातळ, साखर नाही, प्रेशर नाही, व्यसन नाही. मुलगा अमेरिकेत. काही वर्षांपूर्वी त्यांनी मुलाने पाठवलेला डोळ्यांच्या कॅप्सूलचा डबा दाखवला आणि मी म्हणालो, "घ्या सर, नुकसान काही नाही."

त्यांनी शिक्षकाच्या शिस्तीने रोज एक घेतली, दोन वर्षं. मधे एकदा मी विचारलंही होतं, "सर, डोळे दाखवून आलात का?" ते हसून म्हणाले, "डॉक्टर, गोळी चालू आहे की! वाचताना काही त्रास नाही." मी पुढच्या रुग्णाकडे वळलो. त्यांची आई शेवटी शेवटी आंधळी झाली होती, हे मला माहीत होतं. मी त्याचा धागा जोडला नाही.

मग एकदा त्यांची स्कूटर बाजूने आलेल्या सायकलला लागली, महिन्याभराने पुन्हा फाटकाला घासली. सौभाग्यवतींनी हट्टाने नेत्रतज्ज्ञांकडे नेलं. निदान काचबिंदू. डोळ्यातला दाब वर्षानुवर्षं नस दाबत होता. दोन्ही डोळ्यांची कडेची नजर बरीच गेलेली होती आणि काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. थेंब सुरू झाले, उरलेली नजर टिकून आहे. पुस्तकं ते अजून वाचतात, स्कूटर मात्र विकली.

त्या कॅप्सूलने काचबिंदू झाला नाही. पण काचबिंदू दुखत नाही, आणि समोरची नजर शाबूत असेपर्यंत जाणवतही नाही. तो फक्त तपासणीत सापडतो. ती तपासणी 'गोळी चालू आहे' या समाधानापायी दोन वर्षं राहिली. आणि त्या समाधानावर शिक्का माझा होता.

म्हणून आता "घेऊ का?" असं विचारलंत, तर माझं उत्तर असं असतं:

* चाळिशी झाली असेल, तर आधी नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्यातला दाब आणि बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या, आणि पुन्हा कधी यायचं ते त्यांना विचारा. आई, वडील किंवा भावंडांना काचबिंदू असेल, तर हे टाळूच नका. फक्त चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे ही तपासणी नव्हे.
* मधुमेह असेल, तर दरवर्षी पडद्याची तपासणी, दिसायला त्रास नसला तरीही.
* तंबाखू आणि सिगारेट बंद. मॅक्युलाच्या झिजेचं आपल्या हातात असलेलं सगळ्यात मोठं कारण धूम्रपान आहे.
* ताटात पालक, मेथी, शेवग्याचा पाला, अळू, लाल भोपळा, गाजर, पपई, चालत असेल तर अंडं. भाजीला थोड्या तेलाची फोडणी असू द्या, ही द्रव्यं तेलाबरोबरच अंगी लागतात.
* स्क्रीनपुढे डोळे थकत असतील, तर ते पापण्या कमी लवल्यामुळे. दर वीस मिनिटांनी लांब बघा, पापण्या मिटा-उघडा. त्याला कॅप्सूल नको.
* अंधारात नव्याने कमी दिसायला लागलं, पोटाचं मोठं ऑपरेशन झालं असेल किंवा यकृताचा, आतड्याचा जुना आजार असेल, तर डॉक्टरांना सांगा. तिथे समई खरोखर रिकामी असू शकते, आणि तिथे गोळी आजही काम करते.

हे सगळं करूनही घरात आलेला डबा घ्यावासा वाटला, तर त्यावरची मात्रा मला किंवा तुमच्या डॉक्टरांना दाखवा. विशेषतः पूर्वी सिगारेट ओढत असाल किंवा बाळाचा विचार असेल, तर नक्कीच.

सरांनी परवा विचारलं, "डॉक्टर, उरलेल्या कॅप्सूलचं काय करू?" मी म्हणालो, "त्या राहू द्या सर. तुमच्या मुलाला फोन करा. त्याची आजी आणि वडील, दोघांनाही त्रास झालाय. चाळिशीला आला असेल तो. त्याला डोळे तपासायला सांगा."